पहिले सहा महिने

वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूला एका गावात एक आजी राहत होती. घरात मुलगा होता, सून होती. पाच एकर शेत होतं, त्यात कपाशी आणि कपाशीच्या ओळींत तूर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घर आजीच्याच शब्दावर चालत होतं. आजी कष्टाळू होती, हिशेबाला पक्की होती, जिभेला थोडी तिखट होती.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि सुनेला मुलगा झाला. बाळंतिणीचं सगळं आजीनं स्वतः केलं. पहाटे उठून पाणी तापवायचं, बाळाला पायावर घ्यायचं, तेल चोळायचं, न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, गुंडाळून निजवायचं. हे काम तिनं एक दिवस दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. बाळाचं अंग तिच्या हातांना पाठ झालं. बाळ हसरं होतं, अंगानं भरलेलं होतं. सहा महिने त्या घरात औषधाची बाटली आली नाही.

सातव्या महिन्यात थंडी पडली. एका रात्री बाळ रडायला लागलं ते थांबेना. सकाळी पाहिलं तर दोन्ही हात सुजलेले, बोटं फुगलेली. दुसऱ्या दिवशी पावलं सुजली. आजीनं ती बोटं आपल्या हातात घेतली आणि तिचा चेहरा एकदम उतरला. ती काही बोलणार असं सुनेला वाटलं. पण ती बोलली नाही. उठली, मीठ-मोहऱ्या घेऊन आली आणि बाळाची दृष्ट काढली.

सूज उतरली. महिना-दीड महिन्यानं पुन्हा आली. मग बाळाचे डोळे पिवळसर दिसू लागले, ओठ फिकट पडले. पोराला चालता यायला लागलं तसे गुडघे, पोटऱ्या, पाठ दुखायला लागली. पावसात भिजलं की दुखणं, तापलं की दुखणं, थंडीत तर हमखास. रात्र रात्र सून त्याला मांडीवर घेऊन बसायची.

एके दिवशी आजी म्हणाली, "आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही. हे तुह्या माहेरचं रक्त हाय."

सून काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून दोघींमधलं बोलणं कामापुरतं उरलं. मीठ आहे का, दूध आलं का, सरपण भिजलं का. सून माहेरी जायची ती आता दोन दिवसांत परत यायची, कारण तिथंही तिला विचारावंसं वाटे की आपल्यात कोणाला असं होतं का, आणि विचारवत नसे. घर तेच होतं, पण त्यात हवा कोंडल्यासारखी झाली होती.

मुलगा सहा वर्षांचा झाला, शाळेत जाऊ लागला. महिन्यातले बरेच दिवस त्याची जागा रिकामी राहायची. याच सुमारास, २०२३ च्या १ जुलैला, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली होती. २०४७ पर्यंत हा आजार देशातून हटवायचा आणि त्यासाठी चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांचं रक्त तपासायचं, असं तिचं उद्दिष्ट होतं. एका सकाळी या मुलाच्या शाळेतही तपासणीची माणसं आली. त्यांनी प्रत्येक मुलाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, नळीतल्या पाण्यासारख्या औषधात टाकला आणि नळीमागं काळ्या रेघांचा कागद धरला. बाकीच्या मुलांच्या नळीतून रेघा स्पष्ट दिसल्या. या मुलाच्या नळीतलं पाणी गढूळ झालं आणि रेघा दिसेनाशा झाल्या.

आशाताई घरी आल्या. म्हणाल्या, "याला सेवाग्रामला न्या. आणि दोघंही संगं जा, आई आणि बाप."

"मी बी येते," आजी म्हणाली. नातवाला एकटं पाठवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

सेवाग्रामचा दवाखाना त्या भागातल्या माणसांना परका नाही. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले. आश्रमाजवळ कस्तुरबांच्या नावानं दवाखाना झाला, आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या साली, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी तिथंच खेड्यातल्या माणसांसाठी वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. आर्वीहून, देवळीहून, हिंगणघाटहून, पार यवतमाळकडून माणसं पिशवीत भाकरी बांधून तिथं येतात. हे चौघंही तसेच आले.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी मुलाचं रक्त घेतलं, मग आई-बापांना हात पुढं करायला सांगितलं.

"पोराच्या बापाचं कायले घेता?" आजी म्हणाली. "सुनेचं घ्या."

"दोघांचं लागतं, आजी," बाई म्हणाल्या आणि दोघांचं घेतलं.

अहवाल आला तेव्हा बाईंनी तिघांचे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. विजेच्या प्रवाहात रक्तातलं हिमोग्लोबिन वेगवेगळ्या जागी सरकतं आणि त्याचे पट्टे दिसतात. आईच्या कागदावर दोन पट्टे होते, एक नेहमीचा आणि एक सिकलचा. बापाच्या कागदावरही तेच दोन पट्टे, त्याच जागी. मुलाच्या कागदावर नेहमीचा पट्टा नव्हताच. सिकलचा एक जाड पट्टा होता आणि त्याच्याजवळ एक फिकट, बारीक पट्टा.

"प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात," बाई म्हणाल्या. "एक आईकडून, एक बापाकडून. या दोघांकडं एक चांगली आहे, एक बदललेली. चांगलीवर त्यांचं भागतं, म्हणून त्यांना काही त्रास नाही. मुलाला दोघांकडूनही बदललेलीच आली. हे एकट्या आईकडून येऊच शकत नाही, आजी. आणि यात कोणाची चूकही नाही. दर बाळाच्या वेळी चारात एक शक्यता असते, दुसरं काही नाही."

बापानं मान खाली घातली. सुनेच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतक्या वर्षांचं ओझं त्या पाण्यात होतं, आणि तिनं ते पुसलं नाही.

आजी कागदांकडं बघत राहिली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण पट्टे दिसत होते. तिच्या मुलाच्या कागदावरचा पट्टा आणि सुनेच्या कागदावरचा पट्टा एका रेषेत होता. बराच वेळ ती गप्प होती. मग तिनं विचारलं,

"बाई, एक इचारू काय? हे जर पोटातूनच आलं, तर पयले सहा महिने लेकरू चांगलं कसं होतं? म्या सोता न्हाऊ घातलं त्याले. हात नाही सुजले, पाय नाही सुजले. एक रात्र रडलं नाही. तवा कुठं होतं हे?"

बाईंनी हातातला पेन खाली ठेवला. त्या आजीकडं बघतच राहिल्या.

"आजी," त्या म्हणाल्या, "हाच प्रश्न १९४८ साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका डॉक्टर बाईंना पडला होता. जेनेट वॉटसन त्यांचं नाव. त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या बाळांचं रक्त पाहिलं. आजार तर जन्माबरोबर आलेला, मग तान्ह्या बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी इतक्या थोड्या का? त्यांनी ताडलं की आईच्या पोटातून बाळ जे रक्त घेऊन येतं, तेच त्याला काही महिने सांभाळत असलं पाहिजे. आणि ते खरं निघालं. आज सिकलसेलवर जे औषध आहे, त्याची वाट तुमच्या या प्रश्नापासूनच निघते."

बाहेर रांग होती, तरी बाईंनी दोन मिनिटं जास्त घेतली. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी केलेलं सर्वांत मोलाचं काम तेच होतं.

त्यांनी सांगितलं ते असं. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत घराण्याचा सगळा ऐवज असतो. डोळ्याच्या पेशीत असतो, कातडीच्या पेशीत असतो, हाडातल्या मज्जेत असतो. पण प्रत्येक ठिकाणी सगळा ऐवज उघडत नाही. हिमोग्लोबिन करायची कला डोळ्याच्या पेशीतही आहे, पण तिथं ती जन्मभर बंद राहते. मज्जेत मात्र उघडते. अकराव्या गुणसूत्रावर या कामाच्या पाच खोल्या एका ओळीत आहेत. पहिली खोली गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत उघडते आणि लवकरच मिटते. मग पुढच्या दोन उघडतात आणि बाळ पोटात असेपर्यंत त्याच काम करतात. चौथीचं काम अगदी थोडं. आणि जन्माच्या आगंमागं शेवटची, पाचवी उघडते, ती मरेपर्यंत चालते. नवल असं, की आयुष्यात ज्या क्रमानं या खोल्या उघडतात, त्याच क्रमानं त्या ओळीत बांधलेल्या आहेत. ओळीच्या पुष्कळ अलीकडं एक जागा आहे, तिथून हुकूम सुटतो. डीएनएचा धागा वळतो आणि ती जागा त्या त्या वेळच्या खोलीला येऊन भिडते. जिला भिडली ती चालू, बाकीच्या बंद.

"पोटात वेगळी खोली कायले लागते?" आजीनं विचारलं.

"पोटात बाळ श्वास घेत नाही, आजी. आईच्या रक्तातूनच त्याला प्राणवायू ओढून घ्यावा लागतो. गर्भातलं हिमोग्लोबिन प्राणवायू जास्त घट्ट धरतं, म्हणून त्याला तो आईकडून घेता येतो. बाहेर आल्यावर फुप्फुसं चालू होतात, मग त्याची गरज सरते. शरीर त्या खोलीला कडी घालतं आणि मोठेपणाची खोली उघडतं. याच्या दोन्ही घराण्यांतून जो बदल आला, तो या मोठेपणाच्या खोलीत आहे. फक्त एका अक्षराचा बदल आहे. पण तेवढ्यानं हिमोग्लोबिनचे कण प्राणवायू सोडला की एकमेकांना चिकटतात, त्यांच्या ताठ दोऱ्या होतात आणि गोल पेशी वाकडी होते. वाकड्या पेशी बारीक शिरांत अडकतात. तेच ते दुखणं. चांगली पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून डोळे पिवळे, म्हणून ओठ फिकट."

आजी हळूहळू बोलली. "म्हंजे पयले सहा महिने पोटातल्या खोलीचंच रक्त होतं अंगात. ते सरलं, अन् दुखणं आलं."

"हो."

"अन् ते पोटातली खोली? ते पडली काय?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ती तशीच आहे. तुमच्यात आहे, माझ्यात आहे, याच्यातही आहे, आणि याच्यातली ती खोली अगदी धड आहे. तिच्यात काही बिघाड नाही. फक्त कडी लागलेली आहे."

आजीनं नातवाकडं पाहिलं. मग त्याच्या कागदावरच्या त्या फिकट पट्ट्यावर बोट ठेवलं. "हे काय हाय?"

"तेच ते. कडी लावूनही फटीतून थोडं बाहेर येतं. कोणाच्यात जास्त, कोणाच्यात कमी. आपल्याकडच्या पुष्कळ सिकलसेलच्या रुग्णांत ही कडी जन्मतःच थोडी सैल असते, आणि जितकी सैल तितका त्रास कमी. हे गर्भातलं हिमोग्लोबिन दोऱ्यांच्या मधे येतं आणि त्या लांब होऊ देत नाही."

आता बाप बोलला. इतका वेळ तो गप्प होता. "कडी काढता येते काय, मॅडम?"

"पुरी काढता येत नाही, पण सैल करता येते. हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध आहे. जर्मनीत १८६९ साली ते पहिल्यांदा तयार झालं तेव्हा त्याचा सिकलसेलशी काही संबंध नव्हता. पुढं ते रक्ताच्या कॅन्सरला वापरू लागले. मग ध्यानात आलं की त्यानं मज्जेत गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लागतं. १९९५ मध्ये मोठ्या माणसांवर त्याची नीट पारख झाली, आणि दुखण्याचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. आज मुलांनाही देतात. रोज एक गोळी. महिन्या-दोन महिन्यांनी रक्त तपासायचं, कारण औषध जास्त झालं तर पांढऱ्या पेशी उतरतात. आणि एकदा सुरू केलं की मनानं सोडायचं नाही."

त्यांनी एवढंही सांगितलं की कडी लावतो कोण, तेही आता कळलं आहे. बीसीएल-११-ए नावाचं एक प्रथिन आहे, ते त्या खोलीच्या दारावर बसतं. २००८ मध्ये बोस्टनच्या विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी ते दाखवून दिलं. पण हाच राखणदार मेंदूतही कामाचा आहे, रोगाशी लढणाऱ्या पेशींतही कामाचा आहे. त्याला सगळीकडून हाकलून चालत नाही. मग शोधणाऱ्यांनी त्याची ती कळ शोधली जी फक्त रक्ताच्या पेशींत चालते, आणि तेवढीच तोडली. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं तो उपचार मान्य केला. माणसाच्या मज्जेतल्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, त्यांतली ती एक कळ कापायची आणि पेशी परत द्यायच्या. अमेरिकेत तेव्हा त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली, आपल्या त्या वेळच्या हिशेबानं अठरा कोटींच्या घरात.

बापानं पाच एकरांचा हिशेब मनातल्या मनात केला असेल. तो काही बोलला नाही.

"ते एक दिवस आपल्यापर्यंतही येईल, आलंच पाहिजे," बाई म्हणाल्या. "पण आज आपल्या हातात ही गोळी आहे आणि ती खरी आहे." मग त्यांनी कोरा कागद ओढला. "आता मला घराण्याचा तक्ता काढायचा आहे. आजी, तुमच्याकडं किंवा तुमच्या माहेरी कोणाला असं दुखणं होतं का? लहानपणी कोणी गेलं का?"

सुनेला उत्तर ठाऊक होतं. आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही, हे ती इतकी वर्षं ऐकत होती.

आजीनं पदराचं टोक हातात धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

"माहा भाऊ होता," ती म्हणाली.

खोलीत कोणी हललं नाही.

"माह्याहून चार वर्षांनं लहान. त्याचे बी हात असेच सुजले होते. अशीच बोटं. म्याच कडेवर घेऊन फिरवाची. हिवाळ्यात लय रडे. पोळ्याच्या दिवसांत गेला, बारा वर्षांचा होता. गावात लोक म्हणत, या घरात काहीतरी बाधा हाय. माय मले म्हणे, भावाचं नाव कोणाजवळ काढू नको, तुले कोणी करून घेणार नाही. म्या कोणाले सांगतलं नाही. नवऱ्याले नाही सांगतलं, पोराले नाही सांगतलं. या लेकराची बोटं सुजली, तवाच मले तो दिसला. पण तोंडातून निघालं नाही. निघालं ते दुसरंच निघालं."

बाईंनी कागदावर एक चौकोन काढला आणि त्यावर तिरपी रेघ मारली. गेलेल्या माणसाची खूण अशी काढतात. तो मुलगा जाऊन पन्नासएक वर्षं झाली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तो कुठल्या कागदावर आला. मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं, कारण तो जिवंत होता तेव्हाही हा आजार मध्य भारतात अनोळखी नव्हता. नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी या भागातल्या सिकलसेलविषयी १९५८ सालीच लिहिलं होतं. पण ती माहिती नागपुराहून त्या गावाच्या वाटेवर चालत निघाली नव्हती, आणि गावातली माहिती तोंडावर हात ठेवून बसली होती.

"माहं बी रक्त घ्या," आजी म्हणाली आणि हात पुढं केला.

रक्त घेताना सून उठली आणि आजीच्या मागं जाऊन उभी राहिली. सुई टोचली तेव्हा आजीनं दुसरा हात मागं नेला. सुनेनं तो धरला.

"पोरी," आजी म्हणाली, "म्या तुले लय बोलली."

"जाऊ द्या, आत्याबाई," सून म्हणाली. तिला पुढं बोलता आलं नाही.

गोळी सुरू झाली. ती द्यायचं काम आजीनं स्वतःकडं घेतलं, जसं एके काळी न्हाऊ घालायचं घेतलं होतं. रात्री जेवण झालं की ती डबी काढायची, नातवाला गोळी द्यायची, वर तांब्याभर पाणी प्यायला लावायची. पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं आणि पेशी अडकतात, हे तिनं ध्यानात ठेवलं होतं. शाळेच्या दप्तरात पाण्याची बाटली आहे की नाही, ते ती स्वतः बघायची. थंडीत कानटोपी, पावसात घरात. ताप आला तर वाट बघायची नाही, सरळ दवाखाना. रक्त तपासायची तारीख सून भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवायची, आणि त्या दिवशी दोघी त्याला घेऊन एसटीनं जायच्या.

पहिले दोन-तीन महिने काही फरक दिसला नाही. आजीनं एकदा सुनेला विचारलं, "कडी सरकून राहिली असंल ना?" सून म्हणाली, "हळूच सरकते म्हणतात." पाचव्या-सहाव्या महिन्यात रक्त तपासलं तेव्हा तो फिकट पट्टा आधीपेक्षा ठळक झाला होता. मुलाचे ओठ भरले. त्या हिवाळ्यात दुखणं एकदा आलं, जोरात आलं, चार दिवस दवाखान्यात राहावं लागलं. पण एकदाच आलं. आधीच्या हिवाळ्यात ते किती वेळा आलं याची मोजदादच नव्हती. शाळेतली त्याची जागा आता बहुतेक दिवस भरलेली असायची. आजार गेला नव्हता, गोळी जन्मभराची होती, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते तसंच स्वीकारलेलं होतं.

आजीचा स्वतःचा अहवालही आला. त्यावर दोन पट्टे होते.

वारशानं काय मिळालं हे कोणाच्या हातात नसतं, आणि या घराला मिळालं त्यात दोष होता. पण त्याच वारशात, त्याच धाग्यावर, दोषाच्या जवळच एक धड वस्तूही बंद होती, आणि ती सापडली ती एका म्हातारीनं बाळाचे चांगले दिवस नीट लक्षात ठेवले होते म्हणून, आणि तिच्याआधी ब्रुकलिनच्या एका बाईनं ठेवले होते म्हणून. घरातली दुसरी बंद गोष्ट मायनं लेकीच्या भल्यासाठी बंद केली होती. ती उघडली नसती तर गोळी मिळालीच असती, पण पुढच्यांना काही कळलं नसतं.

कारण पुढचे होतेच. आजीची थोरली लेक हिंगणघाटला दिली होती आणि तिच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. आजी सुनेला घेऊन तिकडं गेली. लेकीला समोर बसवलं आणि मामाची गोष्ट सांगितली, जो मामा लेकीनं कधी ऐकलाही नव्हता. मग म्हणाली, "उद्या तुह्यं अन् पोरीचं रक्त तपासाचं. त्याच्याशिवाय बोलणी पुढं नाही."

लेक घाबरली. "आई, त्यायले कळलं तर सोयरीक मोडंल."

"मोडली तर मोडली. म्या पन्नास वर्षं लपवलं. लपून राहिलं काय?"

तपासणीत दोघींच्या कागदावर दोन दोन पट्टे निघाले. सुनेनं भाचीला शेजारी बसवून समजावलं की तिला आजार नाही, होणारही नाही, ती संसार करील, मुलंबाळं होतील. ज्याच्याशी लग्न होणार त्याच्या रक्तात मोठेपणाच्या खोलीची हीच किंवा दुसरी कुठली बिघडलेली प्रत नसली म्हणजे झालं, मग या दोघांच्या बाळाला हे दुखणं येऊ शकत नाही. आणि त्याच्यातही निघाली, तरी काय करायचं ते लग्नाआधी शांतपणे ठरवता येतं. पोटातल्या बाळाची तपासणीही करता येते. हे सगळं सून इतकं स्वच्छ बोलली की आजी तिच्याकडं बघत राहिली.

दोन दिवसांनी मुलाकडची माणसं आली. चहा झाला. आजीनं त्यांच्यासमोर नातीचा कागद ठेवला, आणि भावाच्या नावासकट सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. मुलाचा बाप थोडा वेळ कागद हातात धरून बसला. मग त्यानं विचारलं, "आमच्या पोराचं रक्त कुठं तपासतात?"

सुनेनं दवाखान्याचा पत्ता आणि वार कागदावर लिहून दिला.